किनारा, वाडी की दशावतार : पलायनाच्या फॅशनचा अंदाज बांधताना

येत्या दोन हंगामांसाठी कापड, छपाई आणि घरसजावटीच्या वस्तूंत पैसे गुंतवण्याचा विचार करणाऱ्या कोकणातील लहान उद्योजकांसाठी हा आढावा आहे. मालवण-वेंगुर्ल्यातील होमस्टेला जोडलेले छोटे दुकान, सावंतवाडी किंवा दापोलीतील मोजक्या शिलाई यंत्रांचे युनिट, मुंबई-पुण्याला कुरिअरने माल पाठवणारा बचत गट, असा वाचक येथे गृहीत धरला आहे. रोजच्या धकाधकीतून काही काळ दुसरीकडे निघून गेल्याचा भास देणारे कपडे, रंग आणि खोल्या लोकांना हव्या असतात आणि ही पलायनाची ओढ लवकर ओसरेल असे दिसत नाही. प्रश्न आहे तो ती कोणत्या दिशेला वळेल आणि बेताच्या भांडवलाच्या माणसाने त्यातली कोणती दिशा धरावी, हा. माझ्या मते तीन दिशा तुलनेस पात्र आहेत. पहिली समुद्रकिनाऱ्यावरील सुट्टीची, जिला बाजारात रिसॉर्ट वेअर म्हणतात. दुसरी गावातल्या संथ घराची, म्हणजे आपल्या भाषेत वाडीची. आणि तिसरी अद्भुताची, जिच्यासाठी सिंधुदुर्गात दशावतारी नाटके, चित्रकथी (चित्रे दाखवत कथा सांगण्याची कला) आणि गंजिफा (हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते) यांचा साठा पूर्वीपासून आहे. अंतराळ आणि आभासी जगाची चकचकीत दिशा मी बाजूला ठेवली आहे, कारण तिचे कृत्रिम कापड बाहेरून आणून येथे शिवण्यात कोणताही स्थानिक फायदा नाही आणि मे महिन्यात ते कोकणात अंगावर ठेववतही नाही.

या प्रकारच्या लाटेचा अंदाज बांधताना ग्राहक कोणते चित्र पाहतो आहे, यापेक्षा तो कशापासून दूर जाऊ पाहतो आहे, हे आधी तपासावे. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिने 1783 च्या सुमारास व्हर्सायच्या आवारात एक कृत्रिम खेडे उभारायला घेतले, आणि त्याच वर्षी साध्या मलमलीच्या झग्यातील तिचे चित्र लोकांच्या टीकेमुळे पॅरिसच्या प्रदर्शनातून काढून घ्यावे लागले. तिला दरबारी शिष्टाचाराचा जाच होता, म्हणून तिच्या स्वप्नात खेडे आले. फेब्रुवारी 1947 मध्ये ख्रिस्तियन दिओर याने कमरेत आवळलेले आणि खाली भरपूर कापड सोडलेले घागरे पॅरिसमध्ये दाखवले, तेव्हा युरोप युद्धकाळातील कापडटंचाईला कंटाळलेला होता, म्हणून तेथे स्वप्नात कापडाची उधळण आली. 2020 च्या टाळेबंदीत शहरांतील घरांत अडकलेल्या जगाने फुलाफुलांचे सुती झगे, घरची भाकरी आणि परसबाग यांचे चित्र उचलून धरले. याउलट 2023 साली एका हॉलिवूडपटाच्या निमित्ताने आलेल्या झगझगीत गुलाबी रंगाच्या मागे असा कोणताही दीर्घ जाच नव्हता, आणि ती लाट चित्रपटगृहांतील गर्दीबरोबरच ओसरू लागली. जाच जितका काळ टिकतो, साधारण तितका काळ त्याच्यापासूनचे पलायनही खपते, एवढे या उदाहरणांवरून धरून चालता येईल.

आपल्या ग्राहकाचा जाच कोणता, हे पाहू लागल्यास एक नव्हे तर दोन ग्राहक समोर येतात. एक पर्यटक, जो ठाणे, पुणे किंवा कोल्हापूरहून दोन-तीन दिवसांसाठी येतो. त्याला लोकलची गर्दी, वातानुकूलित बंद खोली आणि दिवसभर डोळ्यांसमोर असणारा पडदा यांतून सुटका हवी असते. दुसरा चाकरमानी, ज्याच्या सुटकेचे ठिकाण हे त्याचे स्वतःचे किंवा आजोबांचे घर असते आणि जो गणपती-शिमग्याला येताना स्वप्नाबरोबर थोडी अपराधी भावनाही घेऊन येतो. या दोघांचाही जाच लवकर संपणारा नाही. (तिसरा ग्राहक आपल्याच गावातला असतो. लांजा किंवा कणकवलीच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीच्या पलायनाचे चित्र मुंबईतला मॉल किंवा कोरियन मालिका हे असते, आणि आपण ज्या मातकट सुती कुडत्यावर पैसे लावणार आहोत तो ती फुकट दिला तरी घालणार नाही. तिच्यासाठीचा माल हा वेगळा धंदा आहे. दोन्हींची सरमिसळ करू नये.)

अंदाजाची साधने आता लहान उद्योजकाच्याही आवाक्यात आहेत, मात्र प्रत्येक साधन कोणासाठी बनवले आहे हे ओळखून ते वापरावे. लंडनमध्ये 1998 साली सुरू झालेल्या डब्ल्यूजीएसएनसारख्या संस्था रंगांचे अंदाज साधारण दोन वर्षे आधी मांडतात आणि ते सशुल्क असतात. लाखो नगांचे उत्पादन करणाऱ्या कंपन्यांना सूत, रंगाई आणि जहाजवाहतूक यांचे वेळापत्रक जुळवण्यासाठी तेवढा अवधी लागतो. रंगांच्या प्रमाणित छटा ठरवणारी पँटोन कंपनी वर्षाचा रंग आदल्या डिसेंबरात जाहीर करते. मोठ्या उत्पादकांना ही घोषणा फार उशिरा मिळते, परंतु जो टेलर तीन आठवड्यांत नवा माल काढू शकतो त्याला मे महिन्याच्या हंगामासाठी ती पुरेशी लवकर असते. 2024 साठी पीच फझ हा फिकट शेंदरी, 2025 साठी मोका मूस हा तपकिरी आणि 2026 साठी क्लाउड डान्सर हा जवळजवळ पांढरा रंग निवडला गेला. अशी निवड शेवटी एका कंपनीची जाहिरात असते, हे मान्य केले तरी तीन वर्षांचा क्रम शांत रंगांचा आहे. भारतीय बाजारासाठी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था अर्थात निफ्ट हिने विकसित केलेला व्हिजनेक्स्ट हा उपक्रम आहे. त्याचे संकेतस्थळ आणि ‘परिधी’ हे कल-पुस्तक सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. गूगल ट्रेंड्स मोफत आहे, पण त्यातील 0 ते 100 हा आकडा सापेक्ष असतो, त्यावरून किती लोकांनी शोध घेतला हे कळत नाही; एखाद्या शब्दाचा आलेख दर डिसेंबर आणि मेमध्ये वर जाऊन खाली येत असेल तर तो कल नसून हंगाम असतो, इतका भेद त्यातून नक्की करता येतो.

किनारा

मागणीचा विचार केला तर किनाऱ्याची दिशा सर्वांत मोठी आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. तारकर्ली, गणपतीपुळे किंवा काशीद येथे उतरलेल्या कुटुंबाला फोटोसाठी सैल शर्ट, फुलांचा लांब झगा आणि टोपी हवी असते, आणि ती खरेदी पाच मिनिटांत होते. अडचण पुरवठ्यात आहे. ताडाची पाने, मोठी जास्वंदीची फुले आणि निळे-पांढरे पट्टे यांच्या या छापील नक्षीचा आपल्या किनाऱ्याशी फारसा संबंध नाही. ते पट्टे तर 1858 साली फ्रेंच नौदलाने खलाशांच्या गणवेशासाठी ठरवून दिले होते. जे छापील कापड गोव्यात, थायलंडच्या फुकेतला आणि बालीत विकले जाते, तेच आपल्याकडेही येते, आणि डिजिटल छपाईचे असे कापड सुरतेहून इतक्या कमी भावात मिळते की येथे शिवलेल्या शर्टाला भावात टिकाव धरणे शक्य नसते. त्यात हंगाम तोकडा. दिवाळीपासून मेअखेरपर्यंतच विक्री होते. जून लागला की सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद होतात, जलक्रीडा थांबतात, आणि उरलेला रेयॉनचा माल पुढच्या ऑक्टोबरपर्यंत कोंदट खोलीत पडून राहतो. तोपर्यंत त्यावरची फुले जुनी झालेली असतात.

याच दिशेने पण वेगळ्या रीतीने गेलेले एक उदाहरण शेजारीच आहे. गोव्याचे वेंडेल रॉड्रिक्स (1960–2020) यांनी सुट्टीचे कपडे करताना परदेशी पानाफुलांची छपाई टाळून सुती-लिननचे सैल कापणीचे कपडे केले, आणि तेथील कुणबी साडीच्या विणीला पुन्हा बाजारात आणण्यासाठी प्रयत्न केले. त्यांना 2014 साली पद्मश्री मिळाली. त्यांचे काम त्या लाटेबरोबर वाहून गेले नाही, कारण ते किनाऱ्याच्या चित्रावर नव्हे तर किनाऱ्यावरच्या पेहरावावर उभे होते. आपल्याकडे असा माल करायचा तर रापणीचे (किनाऱ्यावरून ओढायचे) जाळे, बांगडा, कालवे, तिवराची मुळे किंवा कोळी लुगड्यातील चौकडी यांवरून छपाईचे स्वतःचे लाकडी ब्लॉक कोरून घ्यावे लागतील. हे काम मोलाचे असले तरी ओळख तयार व्हायला काही वर्षे लागतात, आणि ज्याच्याकडे पहिल्या दोन हंगामांचा तोटा सोसण्याची ताकद नाही त्याने त्यात शिरू नये.

वाडी

वाडीच्या दिशेबद्दल अधिक विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण कोकणाला तिचा खरा फायदा आहे आणि तिच्यातच सर्वाधिक भुलवणूकही आहे. चिऱ्याच्या भिंती, कौलारू छप्पर, पडवी, शेणाने सारवलेले खळे, मागे माड-पोफळीचे आगर, हे चित्र शहरातील ग्राहकाला सुटकेचे वाटते. ते नुसते भिंतीवर लावून चालत नाही, त्याला ते अंगावर आणि बिछान्यावरही हवे असते. म्हणजे ब्लीच न केलेल्या पांढुरक्या सुती कापडाचे कुडते, इस्त्री न लागणारे मलमलीचे सैल परकर-पोलके, गोधड्या, लोड-तक्क्यांचे अभ्रे, बांबूच्या दिव्यांच्या टोप्या. बांबूसाठी कुडाळचे कोनबॅक हे केंद्र जवळ असल्याने नमुने करून घेणे तुलनेने सोपे आहे. रंगांच्या बाबतीतही ही दिशा वर सांगितलेल्या पांढऱ्या-तपकिरी क्रमाशी जुळते, आणि त्यासाठी बाहेर जावे लागत नाही. चिपळूण-सावर्डे भागात खैरापासून कात काढण्याचा व्यवसाय जुना आहे; काताचा तपकिरी रंग सुती कापडावर चांगला बसतो आणि धुण्यातही बऱ्यापैकी टिकतो. जांभ्या मातीतील लोहामुळे येणारी तांबूस छटाही पक्की असते. कोकमाच्या लाल रंगाचा मात्र मोह आवरावा. तो रंग अँथोसायनिन वर्गातील असल्याने उन्हात फिकट होतो आणि साबणाच्या पाण्यात निळसर पडतो. ‘कोकमात रंगवलेले’ अशी चिठ्ठी लावलेला दुपट्टा पहिल्याच धुण्यात परत आला तर त्या ग्राहकाला दुसऱ्यांदा काही विकता येत नाही.

या दिशेचा हंगामही वेगळा आहे. पावसाळ्यात समुद्र बंद असला तरी वाडी बंद नसते. भातलावणी पाहायला आणि पावसात पडवीवर बसायला येणारा पर्यटक हल्ली जुलै-ऑगस्टमध्येही दिसतो. त्यानंतर गणपती येतात. येथे पंचांग पाहून माल ठरवणे भाग आहे: 2025 साली गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती, 2026 साली अधिक ज्येष्ठ मासामुळे ती 14 सप्टेंबरला येते. मधल्या अडीच आठवड्यांचा फरक टेलरच्या वेळापत्रकाला आणि कापडाच्या उधारीच्या मुदतीला पुरेसा जाणवतो. चाकरमान्याला घरासाठी अभ्रे, पडदे, देवघरापुढची बैठक हवी असते, आणि मुंबईला परतताना गावाची म्हणून सांगता येईल अशी एखादी वस्तूही हवी असते. म्हणजे एकच माल दोन्ही ग्राहकांना चालतो, जे किनाऱ्याच्या छापील शर्टाबाबत घडत नाही.

आता भुलवणुकीकडे. वाडीचे हे चित्र निवडक असते. ज्या कौलांना आपण परंपरा म्हणतो ती मंगलोरी कौले 1860 च्या दशकात बासेल मिशनने मंगळुरात सुरू केलेल्या कारखान्यांतून पसरली, त्याआधी बहुतेक घरांवर गवत, झावळ्या किंवा हाताने घडवलेली नळीची कौले होती. खळे सारवणारे हात नेहमी बाईचेच असत आणि त्या कामात तिला कोणतीही सुटका नव्हती. ग्राहकाला हे ऐकवण्याची गरज नाही, परंतु उत्पादकाने स्वतः विसरू नये, कारण त्यातूनच मालाची मर्यादा ठरते: सोवळेपणा, दारिद्र्य किंवा कष्ट यांची नक्कल करणारी वस्तू चाकरमान्याला खटकते, त्याच्या आजीने ते सारे प्रत्यक्ष भोगलेले असते. फाटके भासणारे, मुद्दाम ठिगळ लावलेले कपडे पुण्यात कदाचित खपतील, येथे ते हास्यास्पद ठरतात. दुसरी अडचण हवेची. रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाकाठी 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि खळ न धुतलेल्या सुती कापडावर बुरशीचे ठिपके पडायला आठवडाही पुरतो. पांढुरक्या कापडावर ते लपत नाहीत. तागे पावसापूर्वी धुऊन, कडक उन्हात वाळवून, हवाबंद पेट्यांत ठेवण्याचा खर्च या मालाच्या किमतीत पहिल्यापासून धरला पाहिजे.

दशावतार

तिसऱ्या दिशेत पैसा सर्वांत जास्त आणि ग्राहक सर्वांत कमी असतो. अद्भुताचे, पुराणकथांचे आणि मुखवट्यांचे आकर्षण जगभर दिसते, आणि कोकणाकडे त्याची स्वतःची भाषा आहे. कार्तिकापासून सुरू होणाऱ्या जत्रांमध्ये रात्रभर चालणारा दशावतार, त्यातला काळ्या पोशाखातला संकासुर. कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या, ज्यांच्या जपणुकीसाठी परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. सावंतवाडीची गोल गंजिफा, जिच्या दशावतारी संचात दहा अवतारांचे प्रत्येकी बारा असे 120 पत्ते असतात. या साठ्याची नक्कल सुरतेत होऊ शकत नाही असे नाही, पण खऱ्या कलाकाराच्या हातची वस्तू आणि तिची छापील नक्कल यांतील फरक ग्राहकाला सहज दिसतो, त्यामुळे भाव टिकतो.

मर्यादा तीन आहेत आणि तिन्ही व्यवहारातल्या आहेत. अवताराचे चित्र पायपुसणे, चादर, चप्पल किंवा पोहण्याच्या कपड्यांवर घेता येत नाही. घेतले तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून कपड्यांसाठी गंजिफेची वेलबुट्टीची किनार, मासा, कासव, परशू अशी चिन्हे किंवा चित्रकथीतील झाडे-पक्षी इतकाच भाग वापरावा आणि पूर्ण आकृती भिंतीवरील चित्रे, पेट्या, दिवे यांच्यापुरती ठेवावी. दुसरी मर्यादा कराची: 22 सप्टेंबर 2025 पासून नगाला 2,500 रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर 5 टक्के, तर त्याहून महागड्या कपड्यांवर 18 टक्के जीएसटी लागतो, आणि हाताने रंगवलेले जाकीट ही रेषा सहज ओलांडते. तिसरी मर्यादा माणसांची. हे काम करणारी कुटुंबे थोडी आहेत, ती वेळ घेतात, आणि त्यांच्याकडून एक नमुना घेऊन तो छपाईखान्यात हजार वेळा काढणे ही सरळ चोरी आहे. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानमध्ये दाखवलेल्या चपला कोल्हापुरीसारख्या असल्याचे उघड झाल्यावर जो गदारोळ झाला, त्यात 2019 साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा आधार कारागिरांना घेता आला. पिंगुळीच्या एखाद्या चित्रकाराशी करार करताना प्रति नमुना रक्कम, प्रति नग वाटा आणि वापराची मुदत या तिन्ही गोष्टी कागदावर आणाव्यात.

अंदाज चुकल्यास

मोठी कंपनी पाच अंदाज लावते आणि त्यातला एक बरोबर आला तरी तिचे भागते. लहान युनिटला एकच अंदाज परवडतो, म्हणून तीन दिशांची खरी तुलना यशाच्या शक्यतेवर न करता उरलेल्या मालावर करावी. किनाऱ्याचा छापील शर्ट लाट ओसरल्यावर निम्म्या भावातही जात नाही, कारण पुढच्या वर्षीची नवी छपाई त्याच भावात शेजारी लटकलेली असते. वाडीच्या पांढुरक्या कापडाला लाटेबाहेरही ग्राहक आहे. न खपलेल्या कुडत्याचे अभ्रे होतात, अभ्र्यांची गोधडी होते, आणि कातात बुडवून जुना माल नव्या रंगात पुन्हा काढता येतो. गंजिफेची पेटी खपायला दोन वर्षे लागली तरी तिचा भाव उतरत नाही, मात्र तोवर पैसे अडकून राहतात, आणि कर्जावर चालणाऱ्या युनिटला ते झेपत नाही.

यावरून माझा कल स्पष्ट आहे. ज्याचे दुकान समुद्राला लागूनच आहे आणि ज्याची उलाढाल दिवसाच्या गर्दीवर चालते, त्याने किनाऱ्याचा माल ठेवावा, पण स्वतः शिवू नये. तो परत घेण्याच्या बोलीवर आणून विकावा. ज्याच्याकडे शिवणकामाची माणसे आहेत, त्याने भांडवलाचा मोठा हिस्सा, दोनतृतीयांशाच्या आसपास, वाडीच्या सुती मालात घालावा आणि राहिलेल्या रकमेतून पिंगुळी किंवा सावंतवाडीच्या कलाकारांकडून मोजक्या वस्तू ऑर्डरप्रमाणेच करून घ्याव्यात. होमस्टे चालवणाऱ्यासाठी हे प्रमाण आणखी वाडीकडे झुकते, कारण खोलीतील चादर, पडदा आणि दिवा हाच त्याच्या मालाचा नमुना असतो, आणि पाहुणा एक रात्र त्यात झोपल्यावर किंमत विचारतो.

कापडाची खरेदी फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकून पहिला माल अक्षय्य तृतीयेपर्यंत बाहेर काढावा, दुसरा गणपतीआधी तीन आठवडे, आणि दोन्हींच्या मध्ये नवे तागे घेऊ नयेत. वाडीची लाट कुठवर आली आहे, हे ओळखण्याची खूण गावातच सापडते. हातमागाच्या विणीची छपाई केलेले कृत्रिम कापड आठवडा बाजारात ढिगाने, मीटरच्या भावावर दिसू लागले की शहरातील हौशी ग्राहक त्यापासून दूर जाऊ लागला आहे असे समजावे, त्या हंगामात फक्त हाती असलेला माल संपवावा, आणि कोरून घ्यायचे ठरवलेले रापणीच्या जाळ्याचे ते ब्लॉक तेव्हा कामाला लावावेत.